इमामे आझम अबू हनीफा (रह.) : ताटाविषयी दक्ष, जिभेविषयी संयमी



नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्याला द्राक्षाची ओळख करून द्यावी लागत नाही. जानेवारी उजाडला की निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या शिवारांतून द्राक्षांच्या क्रेटांनी भरलेल्या गाड्या धावू लागतात. याच मातीतले द्राक्ष कुठे बाजारात जाते, कुठे बेदाणा होऊन सुकते, कुठे त्याचा सिरका होतो. आणि २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखल्यापासून ते मोठ्या प्रमाणावर वाइनच्या टाक्यांतही उतरते. फळ एकच, वाटा मात्र चार. त्यांपैकी तीन आपल्यासाठी खुल्या आहेत आणि चौथी अल्लाह तआलाने बंद केली आहे. इथवर सारे स्पष्ट आहे. अडचण येते ती नशेसाठी नव्हे, तर सुगंध किंवा रंग विरघळवण्यासाठी वापरलेले अल्कोहोल थेंबाथेंबाने आपल्या ताटात येते तेव्हा.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या जमाअतीतील दोन सख्खे भाऊ. थोरल्याची बेकरी. धाकट्याच्या मुलीने बेकरीतील व्हॅनिला इसेन्सच्या बाटलीवरची बारीक अक्षरे वाचली आणि त्यांत तिला अल्कोहोल हा शब्द दिसला. पुढे घरातल्याच एका निकाहच्या जेवणात धाकट्या भावाने चारचौघांत थोरल्याचा केक हराम, त्याची कमाई हराम आणि ती खाणाऱ्यांची दुआही व्यर्थ असे सांगून टाकले. थोरल्याने ताटावरून उठून घर गाठले. त्यानंतर चार महिने दोघे एकाच सफमध्ये नमाज पढत होते, पण सलाम फिरवल्यावर एकमेकांकडे पाहत नव्हते. अखेर दोघेही वेगवेगळ्या वेळी माझ्याकडे आले. प्रश्न एकच होता, थेंबभर अल्कोहोलचा. मी दोघांनाही आधी मसला सांगितला नाही. एका माणसाचे चरित्र सांगितले. तेच आज आपणांसमोर ठेवतो. कारण या प्रश्नाचे उत्तर जितके फिक्हच्या ग्रंथांत आहे, तितकेच ते त्या माणसाच्या जगण्यात आहे.

त्यांचे नाव नोमान बिन साबित. जग त्यांना इमामे आझम अबू हनीफा (रह.) म्हणून ओळखते. हिजरी सन ८० मध्ये, म्हणजे इ.स. ६९९ च्या सुमारास, इराकमधील कूफा शहरात त्यांचा जन्म झाला. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत फुरात नदीकाठी वसवलेले हे शहर. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी तेथे दीनचे शिक्षण दिले आणि हजरत अली (रजि.) यांनी त्याला आपली राजधानी केले. अरब आणि इराणी, जुने मुसलमान आणि नवे मुसलमान, शेजारी ख्रिस्ती आणि यहुदी अशी सरमिसळ तेथे होती. नाना तऱ्हेची माणसे, म्हणून नाना तऱ्हेची खाणीपिणी, आणि म्हणून रोज नवे प्रश्न. आपले आजचे नाशिक, मालेगाव किंवा मुंबई डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कूफ्याची कल्पना येईल.

घराणे मूळचे इराणी वंशाचे आणि व्यापारी. तरुण नोमान रेशीम व लोकर मिसळून विणलेल्या उंची कापडाचा व्यापार करीत. कूफ्यातील थोर विद्वान इमाम शाबी (रह.) यांनी एकदा त्यांना बाजाराकडे जाताना पाहिले, त्यांच्या चेहऱ्यावरची हुशारी ओळखली आणि विद्वानांच्या बैठकीत बसण्याचा सल्ला दिला. प्रारंभी ते अकीद्याच्या वादविवादांत रमले आणि त्यात त्यांनी नावही कमावले. परंतु एके दिवशी एका स्त्रीने त्यांना तलाकच्या रीतीविषयी एक साधा, संसारातला प्रश्न विचारला. त्यांना उत्तर आले नाही. त्यांनी तिला जवळच बसणाऱ्या हम्माद बिन अबी सुलैमान (रह.) यांच्याकडे पाठवले आणि मिळालेले उत्तर आपल्यालाही सांगून जाण्याची विनंती केली. ती परतून उत्तर सांगून गेली, तेव्हा त्यांनी पायताण उचलले आणि थेट हम्माद यांच्या बैठकीत जाऊन बसले. वाद जिंकणारी विद्या वेगळी आणि माणसाच्या घरातली गाठ सोडवणारी विद्या वेगळी, हे त्यांना त्या दिवशी उमगले. वाचकहो, जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्या बैठकांत मात्र प्रत्येक खाद्यपदार्थावर ताबडतोब निर्णय देणारे किती असतात!

हम्माद यांच्या चरणी त्यांनी सुमारे अठरा वर्षे काढली. हम्माद हे इब्राहीम नखई यांचे शिष्य, इब्राहीम हे अल्कमा यांच्या परंपरेतले आणि अल्कमा हे हजरत इब्ने मसऊद (रजि.) यांचे. हिजरी १२० मध्ये उस्तादांचे निधन झाल्यावर त्यांची जागा अबू हनीफा (रह.) यांच्याकडे आली. त्यांच्या बैठकीची रीत निराळी होती. ते एकटेच बोलून निर्णय देत नसत. प्रश्न शिष्यांपुढे ठेवला जाई. काझी होण्याची पात्रता असलेले अबू यूसुफ, तीक्ष्ण बुद्धीचे जुफर, वयाने सर्वांत लहान मुहम्मद बिन हसन असे शिष्य आपापले मत मांडत, उस्तादांना विरोधही करीत. कधी कधी एका प्रश्नावर दिवसेंदिवस चर्चा चाले आणि मगच निर्णय लिहिला जाई.

अबू यूसुफ (रह.) यांचे घर गरिबीचे. मुलाने चार पैसे मिळवावेत म्हणून त्यांची आई त्यांना बैठकीतून ओढून नेई. इमाम साहेबांनी त्या माउलीला सांगितले की, तुझा मुलगा येथे पिस्त्याच्या तेलातला फालूदा खायला शिकतो आहे. म्हातारा बहकला असे समजून ती रागाने निघून गेली. इमाम साहेब स्वतःच्या कमाईतून त्या शिष्याचा खर्च चालवीत राहिले. पुढे अबू यूसुफ काझी झाले आणि खलीफा हारून रशीदच्या दस्तरखानावर एके दिवशी तोच पदार्थ त्यांच्यापुढे आला, तेव्हा त्यांना हसूही आले आणि डोळ्यांत पाणीही आले.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. अरबस्तानात आणि इराकमध्ये खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून गोड पेय करीत. त्याला नबीज म्हणत. आपण लहान मुलांना मनुका भिजवून त्याचे पाणी देतो, तसेच ते. खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासाठी रात्री खजूर भिजवला जाई आणि सकाळी ते त्याचे पाणी घेत, दोन-तीन दिवस लोटले की उरलेले मात्र ते पीत नसत. का, हे महाराष्ट्रातल्या माणसाला सांगायला नको. पहाटे झाडावरून उतरवलेली नीरा गोड आणि निरुपद्रवी असते. तीच ऊन चढेपर्यंत तशीच ठेवली की ताडी होते. झाड एक, मडके एक. मधे फक्त काही तासांचे अंतर. हलाल आणि हराम यांमधली सीमा ती नेमकी कोठे ओलांडते, हाच कूफ्यातील विद्वानांपुढचा प्रश्न होता.

मद्याविषयी कुरआनचा आदेश टप्प्याटप्प्याने आला. सूरह बकरहमध्ये त्याचे नुकसान फायद्याहून मोठे असल्याचे सांगितले गेले, सूरह निसामध्ये नशेत नमाजजवळ जाण्यास मनाई झाली आणि अखेर सूरह माइदहमध्ये त्याला सैतानाचे अपवित्र कर्म ठरवून पूर्ण बंदी झाली. मदीनेच्या गल्ल्यांतून मद्य वाहून गेले. म्हणून नशा हराम आहे, मग ती कशानेही येवो, यावर सर्व इमामांचे एकमत आहे. मतभेद उरला तो एवढाच : नशा न आणणाऱ्या अल्प प्रमाणाचे काय?

इमाम अबू हनीफा (रह.) यांनी येथे पायऱ्या पाडल्या. द्राक्षाचा कच्चा रस आपोआप आंबून उसळू लागला, तीव्र झाला आणि त्याला फेस आला की तो खम्र. तो नापाक, त्याचा एक थेंबही हराम, आणि त्याला हलाल मानणे म्हणजे ईमानालाच धक्का, कारण त्याची बंदी कुरआनच्या निर्विवाद आदेशाने झाली आहे. खजूर किंवा मनुका भिजवलेले कच्चे पाणी आंबले, किंवा द्राक्षरस अर्धवटच आटवून ठेवला आणि तो आंबला, तर तेही हराम. फक्त त्याच्या पुराव्याचा दर्जा थोडा वेगळा. तिसरी पायरी मध, गहू, जव, ज्वारी अशा वस्तूंपासून केलेल्या पेयांची. त्यांची नशा येईल इतकी मात्रा हराम, आणि मौजमजेसाठी ती पिणेही हराम. परंतु त्यांहून कमी मात्रेला मात्र त्यांनी हराम हा शब्द लावला नाही.

असे का? इमाम साहेब सैल होते म्हणून? मुळीच नाही. वाचकहो, हा मुद्दा या चरित्राचा गाभा आहे. काही सहाबा (रजि.) तीव्र नबीज घेत असल्याची कथने कूफ्याच्या विद्वानांपर्यंत पोहोचली होती. त्या पेयाला निखालस हराम म्हणायचे तर त्या पवित्र व्यक्तींवर हराम कृत्याचा ठपका येतो. तेव्हा साऱ्या जगाची संपत्ती दिली तरी मी त्याला हराम म्हणणार नाही, अशी इमाम साहेबांची भूमिका असल्याचे हनफी ग्रंथांत नोंदलेले आहे. आणि त्याला लागूनच दुसरी बाजूही नोंदलेली आहे : साऱ्या जगाची संपत्ती दिली तरी त्यातला एक घोट मी पिणार नाही, कारण मला त्याची गरज नाही.

या दोन बाजू एकत्र वाचा. पुरावा पूर्ण नसेल तर दुसऱ्यावर हरामचा शिक्का मारायचा नाही. आणि मनात शंका असेल तर स्वतः ती वस्तू तोंडाला लावायची नाही. जिभेचे काम बोलण्याचे आणि चाखण्याचे. इमाम साहेबांनी दोन्ही कामांवर वेगवेगळे पहारे बसवले. आपण बहुधा उलट करतो. स्वतःच्या ताटापुरती सवलत शोधतो आणि दुसऱ्याच्या ताटावर फतवा देतो.

हे केवळ पुस्तकातले तत्त्व नव्हते. त्यांच्या शेजारी एक चांभार राहत असे. दिवसभर काम करायचे, रात्री दारू प्यायची आणि आपली कोणी कदर केली नाही अशा आशयाचे गाणे मोठ्याने म्हणत बसायचे, हा त्याचा नित्यक्रम. इमाम साहेब रात्र नमाजमध्ये घालवीत आणि भिंतीपलीकडून ते गाणे ऐकू येई. त्यांनी कधी तक्रार केली नाही. एका रात्री आवाज आला नाही. चौकशी केली तेव्हा कळले की पहारेकऱ्यांनी त्याला पकडून नेले आहे. सकाळी इमाम साहेब स्वारीवर बसून स्वतः शहराच्या अमीराकडे गेले. अमीराने आदराने त्यांना वर बसवले आणि त्यांच्या शब्दाखातर त्या रात्री पकडलेल्या सर्वांना सोडून दिले. परतताना इमाम साहेबांनी त्या तरुणाला विचारले की, आम्ही तुझी कदर केली नाही असे अजूनही वाटते का? तो खजील झाला, त्याने तौबा केली आणि पुढे तो त्यांच्याच बैठकीत दिसू लागला. दारूच्या थेंबालाही नापाक मानणाऱ्या इमामाने दारू पिणाऱ्या शेजाऱ्याला मात्र नापाक मानले नाही.

त्या काळी खारिजी नावाचा एक कडवा गट होता. मोठे पाप करणारा मुसलमान राहतच नाही, असे त्यांचे मत. त्यांनी एकदा दोन मृतदेहांविषयी इमाम साहेबांना कोंडीत पकडले. त्यांतला एक इसम दारू पिता पिताच मेला होता. तो कोण, मोमिन की काफिर? इमाम साहेबांनी उलट विचारले की, हा यहुदी होता का? नाही. ख्रिस्ती? नाही. मग कोणत्या मिल्लतीचा? कलिमा पढणाऱ्यांच्या. कलिमा हा ईमानाचा तिसरा हिस्सा की चौथा? त्यांना म्हणावेच लागले की, ईमानाचे हिस्से होत नाहीत, ते पूर्णच असते. त्यांचे उत्तर त्यांच्याच तोंडून आले. आपल्या सख्ख्या भावाला इसेन्सच्या एका चमच्यावरून दीनबाहेर ढकलणाऱ्याने ही घटना आठवावी.

आता दुसरी बाजू पाहा. स्वतःच्या बाबतीत हाच माणूस किती कठोर होता! एकदा कूफ्यातील कळपांत एक चोरीची बकरी मिसळल्याचे कळले. ती कोठे कापली जाईल, तिचे मांस कोणाच्या घरी जाईल, हे सांगता येत नव्हते. इमाम साहेबांनी माहिती काढली की बकरी जास्तीत जास्त किती वर्षे जगते. सात वर्षे, असे उत्तर मिळाले. चरित्रकार लिहितात की त्यांनी सात वर्षे बकरीचे मांस खाल्ले नाही. परंतु शहरातल्या कसायांची दुकाने बंद करा, सारे मांस हराम, असे ते म्हणाले नाहीत. ती दक्षता त्यांच्या एकट्याच्या ताटापुरती होती.

व्यापारातही तीच रीत. त्यांचे भागीदार हफ्स बिन अब्दुर्रहमान यांच्याकडे त्यांनी माल पाठवला आणि एका कापडातला दोष गिऱ्हाइकाला सांगून विकण्याची ताकीद दिली. हफ्स विसरले, गिऱ्हाईक निघून गेले आणि कोण होते तेही कळेना. तेव्हा त्या मालाची सगळी रक्कम इमाम साहेबांनी सदका केली. डब्यावर घटक न छापणाऱ्या, विचारले तर टाळाटाळ करणाऱ्या आजच्या दुकानदारांनी आणि कारखानदारांनी हा धडा गिरवण्यासारखा आहे. मालात काय आहे हे गिऱ्हाइकाला सांगणे हा व्यापाऱ्याच्या दीनचाच भाग आहे.

इमाम साहेबांच्या थोरवीची आणखी एक खूण म्हणजे त्यांचे शिष्य त्यांच्याशी मतभेद करू शकत. इमाम मुहम्मद बिन हसन (रह.) यांनी पुढे मदीनेत राहून इमाम मालिक (रह.) यांच्याकडे हदीस शिकली. जे जास्त प्रमाणात नशा आणते ते थोडेही हराम, हा प्रेषित (स.) यांचा आदेश त्यांनी प्रमाण मानला आणि कोणत्याही वस्तूपासून केलेले मादक पेय, थोडे असो वा फार, हराम ठरवले. इमाम मालिक, इमाम शाफिई आणि इमाम अहमद (रह.) यांचेही हेच मत. आणि वाचकहो, लक्षात घ्या, पुढच्या हनफी विद्वानांनीही मादक पेयांच्या बाबतीत फतवा इमाम मुहम्मद यांच्याच मतावर दिला. लोक सवलतीचा आडोसा घेऊन मद्यपानाकडे वळू लागले, हे त्यांनी पाहिले होते. तेव्हा बिअर जवाची आहे, रम उसाची आहे, म्हणून घोटभर चालेल, असा अर्थ इमामे आझम यांच्या नावावर कोणी काढू नये. तो दरवाजा त्यांच्याच मसलकने बंद केला आहे.

सिरक्याचा मसलाही आपल्या कामाचा आहे. मद्याचे रूपांतर होऊन सिरका झाला की तो पाक व हलाल, मग ते आपोआप होवो किंवा मीठ वगैरे घालून केलेले असो, असे इमाम अबू हनीफा (रह.) यांचे मत, कारण वस्तूचे मूळ स्वरूपच पालटले. इमाम शाफिई (रह.) यांच्या मते मात्र ते आपोआप झालेले असावे, काही घालून केलेला सिरका पाक नाही. कोकणातील आपल्या शाफिई बांधवांनी हे ध्यानात ठेवावे, आणि हनफी बांधवांनी त्यांच्या सावधगिरीला हसू नये.

द्राक्षबागायतदारांसाठी एक गोष्ट. मद्य बनवणाऱ्याला द्राक्षरस विकणे इमाम साहेबांनी व्यवहार म्हणून वैध मानले, कारण विकताना ती वस्तू पाक असते. पण अबू यूसुफ आणि मुहम्मद (रह.) या दोन्ही शिष्यांनी ते नापसंत ठरवले, कारण पापाला हातभार लागतो. बाजारात दुसरे गिऱ्हाईक असताना सावध माणसाने कोणता मार्ग धरावा, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

सत्तेपुढेही हा माणूस वाकला नाही. उमवी सुभेदार इब्ने हुबैरा याने त्यांना पद स्वीकारण्यास सांगितले. त्यांनी नकार दिला आणि चाबकाचे फटके सोसले. पुढे अब्बासी खलीफा मन्सूर याने त्यांना बगदादला बोलावून काझीपद देऊ केले. आपण त्या पदास लायक नाही, असे ते म्हणाले. खलीफाने त्यांना खोटे ठरवले. त्यावर इमाम साहेबांनी नम्रपणे दाखवून दिले की, मी खोटा असेन तर खोटा माणूस काझी होऊच शकत नाही, आणि खरा असेन तर नालायक असल्याचे मी आधीच सांगितले आहे. परिणामी कैद झाली. हिजरी १५० मध्ये, म्हणजे इ.स. ७६७ मध्ये, बगदादमध्ये त्यांनी देह ठेवला. जनाजाला इतकी गर्दी लोटली की नमाज अनेकदा पढावी लागली, असे इतिहासकार सांगतात. खैजुरान कब्रस्तानात त्यांचे दफन झाले. तो परिसर आजही त्यांच्याच उपाधीवरून आझमिया म्हणून ओळखला जातो. ज्याने आयुष्यभर लाखो लोकांसाठी मसले सोडवले, त्याने न्यायाची खुर्ची मात्र स्वीकारली नाही. कारण दुसऱ्यावर निर्णय देण्याचे ओझे किती जड असते हे त्याला पुरते ठाऊक होते.

आता पुन्हा त्या इसेन्सच्या बाटलीकडे येऊ.

पहिली गोष्ट, अल्कोहोल हा शब्द वाचून घाबरू नये आणि न वाचून निर्धास्तही राहू नये. रसायनशास्त्रात अल्कोहोल हे एका मोठ्या कुटुंबाचे नाव आहे. डब्यावरचे सॉर्बिटॉल (४२०), ग्लिसरॉल (४२२), प्रॉपिलीन ग्लायकॉल (१५२०) हे त्याच कुटुंबातले, पण ते मद्य नव्हेत. ग्लिसरॉल चरबीपासूनही निघते, म्हणून तेथे प्रश्न नशेचा नसून उगमाचा असतो. नशा आणणारे ते इथाइल अल्कोहोल.

दुसरी गोष्ट, खुद्द मद्यच पदार्थात घातले असेल, जसे रममध्ये भिजवलेल्या सुक्या मेव्याचा प्लम केक, वाइन घातलेला सॉस, ब्रँडी भरलेले चॉकलेट, तर तेथे चर्चेला जागा नाही. भट्टीत उडून जाते हे कारणही चालणार नाही. मद्य विकत घेऊन अन्नात ओतणे हेच मुळात निषिद्ध आहे.

तिसरी गोष्ट, इसेन्स किंवा रंग विरघळवण्यासाठी वापरलेले औद्योगिक इथाइल अल्कोहोल. भारतात ते मुख्यत्वे उसाच्या मळीपासून व धान्यापासून बनते. आपल्या राज्यातील साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आपण पाहतोच. ते द्राक्षाचे किंवा खजुराचे नाही, पेय म्हणून घेतले जात नाही, आणि तयार पदार्थात त्याचा नशेशी संबंध उरत नाही. अशा ठिकाणी, सर्वत्र पसरलेल्या वापरातून सुटका कठीण आहे हे पाहून, अनेक हनफी मुफ्तींनी इमाम अबू हनीफा आणि अबू यूसुफ (रह.) यांच्या मूळ मताच्या आधारे मुभा दिली आहे. काही मुफ्ती मात्र येथेही इमाम मुहम्मद (रह.) यांच्या मतावर राहून टाळण्यास सांगतात. ज्या देशांत शाफिई मसलक प्रबळ आहे तेथेही विचार झाला आहे. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा परिषदेने २०११ मध्ये, मद्यनिर्मितीतून न आलेले अल्कोहोल रंग व सुगंधासाठी वापरल्यास तयार पदार्थात ०.५ टक्क्यापर्यंत मुभा दिली. इंडोनेशियाच्या उलेमा मजलिसने २०१८ मध्ये खम्र नसलेल्या पेयांसाठी हीच मर्यादा धरली. आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा नियमांतही ०.५ टक्क्याहून अधिक अल्कोहोल असलेल्या पेयालाच मद्य म्हटले जाते. परंतु कायद्याची ही रेषा शरीअतची रेषा नव्हे. बिअरची चव आणि बिअरची बाटली घेऊन आलेले शून्य टक्क्याचे पेय केवळ त्या आकड्यावर आपल्या दस्तरखानावर आणू नये.

आपल्या मसलकच्या विश्वासू मुफ्तींना विचारून आपला मार्ग ठरवावा. माझा हा लेख फतव्याची जागा घेणार नाही.

त्या दोन भावांना हे सारे सांगायला मला तीन बैठका लागल्या. थोरल्याने स्वतःहून इसेन्स बदलले. प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलेले इसेन्स त्याच बाजारात, त्याच्याच नेहमीच्या दुकानात मिळत होते; त्याने कधी विचारलेच नव्हते. दोष सांगितल्याशिवाय कापड विकू नये, हे त्याच्या मनाला लागले होते. धाकट्याने चारचौघांत बोललेला शब्द चारचौघांतच परत घेतला. मनातली शंका पूर्ण फिटली नाही, म्हणून तो अजूनही केक खात नाही. पण आता दर जुम्माला नमाजनंतर भावाच्या घरी जातो, चहा पितो, आणि केकची ताटली पुढे आली तर हसून बाजूला सारतो. थोरलाही आग्रह करीत नाही. मला वाटते, इमामे आझम यांच्या पावलावर पाऊल ठेवणे म्हणजे हेच.

अल्लाह तआला आपल्या ताटात हलाल आणि शुद्ध अन्न वाढो, आपल्या जिभेला निर्णयाची घाई करण्यापासून वाचवो, आणि आपली घरे जोडलेली ठेवो. आमीन.